आधी काळोख, मग कॅमेरा

आकाशाचे फोटो काढायला निघालेला जो तो सुरुवातीला एकच प्रश्न विचारतो: दुर्बीण कुठली घेऊ? पाठोपाठ कॅमेऱ्याचा विषय निघतो. दुर्बीण ज्यावर उभी राहायची त्या माउंटची चौकशी बरीच उशिरा होते, आणि फोटो नेमके कुठून काढायचे याचा विचार सगळी खरेदी आटोपून सामान गच्चीवर मांडल्यावर सुरू होतो. गेल्या पंधरा-वीस वर्षांत या छंदातली उपकरणे पार बदलली, सॉफ्टवेअर बदलले, पूर्वी वेधशाळांकडेच असलेली तंत्रे घरोघरी आली. खरेदीचा हा क्रम मात्र तसाच राहिला. माझ्या मते तो नेमका उलटा हवा. आधी काळोख, मग माउंट, त्यानंतर दुर्बीण आणि सर्वांत शेवटी कॅमेरा. आज हाताशी असलेल्या साधनांचा आणि पद्धतींचा आढावा म्हणूनच या उलट्या क्रमाने घेतो आहे.

मुळात आकाशातल्या बहुतेक वस्तू डोळ्यांना दिसत नाहीत त्या लहान आहेत म्हणून नव्हे, अंधुक आहेत म्हणून. देवयानी दीर्घिका आकाशात सुमारे तीन अंश पसरलेली आहे. सहा पूर्णचंद्र ओळीने मांडले तर होईल एवढी तिची लांबी. मृगातला तेजोमेघ चंद्रबिंबाच्या दुप्पट रुंद आहे. तेव्हा 'ही दुर्बीण किती पट मोठे दाखवते?' या प्रश्नाला इथे फारसा अर्थ उरत नाही. प्रकाश किती गोळा होतो, किती वेळ गोळा होतो आणि त्यात नको असलेला प्रकाश किती मिसळतो, एवढ्या तीन गोष्टींवर फोटो ठरतो.

ही समज छायाचित्रणाइतकीच जुनी आहे. जॉन विल्यम ड्रेपर यांनी १८४० मध्ये न्यूयॉर्कला चंद्राचे छायाचित्र घेतले, पण चंद्र झगझगीत. खरी कसोटी तेजोमेघांची होती. ड्रेपर यांचा मुलगा हेन्री याने ३० सप्टेंबर १८८० रोजी अकरा इंची दुर्बिणीतून मृगातला तेजोमेघ काचेवर उतरवला, त्यासाठी पाऊण तासाहून अधिक एक्स्पोजर द्यावे लागले. तीनच वर्षांनी इंग्लंडमध्ये अँड्र्यू एन्स्ली कॉमन या हौशी माणसाने घराच्या अंगणातल्या छत्तीस इंची परावर्तक दुर्बिणीतून त्याच तेजोमेघाचे असे छायाचित्र घेतले, की दुर्बिणीला डोळा लावूनही न दिसणारे तारे त्यात उमटले. कॉमन पेशाने सांडपाणी व्यवस्थेचे इंजिनिअर होते. डोळा प्रकाश साठवू शकत नाही, काच साठवू शकते, हे त्या छायाचित्राने सिद्ध केले.

आपल्याकडेही हा धागा जुना आहे. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात शिकवणारे कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून १८८८ मध्ये तख्तसिंगजी वेधशाळा उभी केली. तिच्यातली वीस इंची ग्रब दुर्बीण त्या काळी देशात सर्वांत मोठी होती. १९१२ मध्ये ती कोडाईकॅनालला हलवली गेली. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी नायगमवाला सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला तळ ठोकून होते आणि तिथे त्यांनी सूर्याच्या वर्णपटाची छायाचित्रे घेतली. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ ची. मुंबईच्या खगोल मंडळाने वांगणीला लोकांना रात्र रात्र आकाश दाखवले. महाराष्ट्रातल्या बहुतेक आकाशछायाचित्रकारांची पहिली रात्र अशाच एखाद्या संस्थेच्या सतरंजीवर गेलेली असते.

आता काळोख. तारे-तेजोमेघांकडून येणारे प्रकाशकण ठरावीक लयीत येत नाहीत, विस्कळीत येतात. या विस्कळीतपणामुळे फोटोत जे कण-कण दिसतात त्याला आपण नॉइज म्हणतो. प्रकाश गोळा करण्याचा वेळ चौपट केला की फोटो दुप्पट स्वच्छ होतो, सोळापट केला की चौपट. म्हणूनच या क्षेत्रातली माणसे फोटोबद्दल बोलताना मेगापिक्सेल सांगत नाहीत, तास सांगतात. पण आकाशच उजळ असेल, तर त्या उजेडाचा नॉइजही प्रत्येक फ्रेममध्ये येऊन बसतो. मोठ्या शहराच्या मध्यावर आकाशाची पार्श्वभूमी दर चौरस विकलेला (आर्कसेकंदाला) १८ प्रतीच्या (मॅग्निट्यूडच्या; आकडा जितका मोठा तितके अंधुक) आसपास धरली आणि खऱ्या काळोख्या गावात २१.५ धरली, तर फरक साडेतीन प्रतींचा होतो; म्हणजे शहरातले आकाश पंचवीसपट उजळ. गावाकडे एका तासात जी दीर्घिका मिळते, तशीच शहरातून मिळवायला साधारण पंचवीस तास लागतील. दोन-तीन तासांचा प्रवास करून हा फरक भरून निघतो. एवढी भरपाई कुठलीही दुर्बीण करून देत नाही.

जॉन बॉर्टल यांनी २००१ मध्ये 'स्काय अँड टेलिस्कोप' मासिकात मांडलेली नऊ पायऱ्यांची पट्टी आज सगळीकडे वापरली जाते. पहिल्या पायरीवर आकाशगंगेच्या उजेडाने जमिनीवर सावली पडते, नवव्या पायरीवर ओळखीची नक्षत्रेही पुसली जातात. मुंबई आणि पुण्याचा मध्यभाग आठ-नऊमध्ये मोडतो. शहरांतले पथदिवे बदलल्यापासून एक वेगळीच अडचण झाली आहे. जुन्या सोडियमच्या दिव्यांचा प्रकाश मुख्यतः ५८९ नॅनोमीटरच्या आसपास असे, तेवढाच भाग अडवणारा फिल्टर लावला की बरेच काम भागायचे. पांढऱ्या एलईडीचा प्रकाश निळ्यापासून तांबड्यापर्यंत सगळीकडे पसरलेला असतो. त्याला वेगळा काढणारा फिल्टर नाही.

याच कारणाने लडाखमधल्या हानले परिसराला २०२२ मध्ये मिळालेला काळोख्या आकाशाच्या राखीव क्षेत्राचा दर्जा आणि महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये मिळालेली डार्क स्काय पार्कची मान्यता मला कुठल्याही नव्या कॅमेऱ्याहून महत्त्वाची वाटते. पेंचच्या आसपासच्या गावांत पथदिव्यांचा उजेड खाली, रस्त्यावरच पडेल अशी व्यवस्था केली गेली. हे काम इतर तालुक्यांतही करता येण्यासारखे आहे. त्याला मोठा निधी लागत नाही, ग्रामपंचायतीचे मन वळावे लागते.

काळोखाच्या जोडीला ऋतू. परदेशी पुस्तके आणि व्हिडिओ पाहून शिकणाऱ्यांची इथे फसगत होते. आकाशगंगेचा धनु-वृश्चिकातला तेजस्वी गाभा जून-जुलैत मध्यरात्री आकाशात सर्वांत वर येतो, नेमका तेव्हा आपल्याकडे पाऊस. त्यामुळे इथे तो मार्चअखेरीपासून मेपर्यंत पहाटेकडे गाठावा लागतो, नाहीतर ऑक्टोबरात दिवेलागणीनंतरच्या थोड्या वेळात. जुलै २०२० मधला नियोवाइज धूमकेतू महाराष्ट्रातल्या बहुतेकांचा ढगांमुळे हुकला. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुचिनशान-ॲटलस मात्र पश्चिमेला संध्याकाळी आला आणि अनेकांच्या पदरात पडला. पावसाने धुतलेली हवा ऑक्टोबर-नोव्हेंबरात सर्वांत पारदर्शक असते. डिसेंबर-जानेवारीत घाटमाथ्यावर धुरकट थर खाली साचतो, आणि फेब्रुवारीपासून पुन्हा चांगल्या रात्री मिळतात.

याची भरपाई आपल्या अक्षांशाने केली आहे. धनु राशीतला लगून तेजोमेघ लंडनहून क्षितिजावर जेमतेम १४ अंश चढतो, पुण्याहून ४७. ज्येष्ठा ताऱ्याभोवतीचा रंगीत धूळमेघांचा प्रदेश युरोपातले लोक नामिबियाला किंवा चिलीला जाऊन टिपतात. तो आपल्या अर्ध्या आकाशावर येतो. नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा आपल्या आकाशगंगेतला सर्वांत मोठा गोलाकार तारकागुच्छ लंडनहून उगवतच नाही, पुण्याहून तो २४ अंशांवर येतो. दक्षिण कोकणातून किंवा गोव्यातून, समुद्राकडची दक्षिण मोकळी असेल, तर त्रिशंकूच्या अलीकडचा कॅरिनाचा भव्य तेजोमेघही एप्रिलच्या रात्री हाती लागतो. या दक्षिणेच्या खजिन्यावर आपल्याकडच्या लोकांनी आणखी पुष्कळ काम करायला हवे. देवयानी आणि मृग यांचे हजारो उत्तम फोटो जगात आहेत.

माउंटकडे वळू. पृथ्वी दर सेकंदाला सुमारे १५ विकला फिरते. ४०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या दुर्बिणीला आजचा नेहमीचा ३.७६ मायक्रॉन पिक्सेलचा सेन्सर जोडला, तर एक पिक्सेल आकाशाचा सुमारे दोन विकला भाग व्यापतो. माउंट थांबलेले असेल तर एका सेकंदात तारा सात-आठ पिक्सेल सरकून रेघ होईल. पाच मिनिटे त्याला एका पिक्सेलवर रोखून धरायचे, एवढेच माउंटचे काम, आणि ते अवघड आहे. त्यासाठी माउंटचा एक अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर असावा लागतो. गिअरमध्ये दर काही मिनिटांनी पुढे-मागे होणारी जी चूक असते, ती वेगळ्याने दुरुस्त करावी लागते.

अक्ष जुळवणे, म्हणजे पोलर अलाइनमेंट, महाराष्ट्रात थोडे कष्टाचे आहे. पुस्तकात लिहिलेले असते: ध्रुवतारा पाहा आणि माउंटच्या छोट्या दुर्बिणीत तो खुणेवर आणा. पण पुण्याला ध्रुवतारा क्षितिजापासून साडेअठरा अंशांवरच असतो, पणजीला साडेपंधरा. सह्याद्रीच्या कुशीत तळ टाकला की उत्तरेला हमखास डोंगर आड येतो. शहरात शेजारची इमारत. उन्हाळ्यात तेवढ्या उंचीवर धुरळा इतका असतो की दुसऱ्या प्रतीचा तो तारा नुसत्या डोळ्यांनी सापडत नाही. शिवाय माउंट इतके खाली झुकवावे लागते की काही हलक्या माउंटांचा तोल जातो, वजनाचा दांडा तिपाईच्या पायाला अडतो. जुने लोक यावर ड्रिफ्ट पद्धत वापरत: दक्षिणेला विषुववृत्ताजवळचा एक तारा धरायचा, तो वर सरकतो की खाली हे आयपीसमध्ये पाहत राहायचे, माउंट किंचित डावी-उजवीकडे फिरवायचे, मग पूर्वेकडच्या ताऱ्यावर हेच करून उंची सुधारायची. यात सहज तास जाई. आता कॅमेरा आकाशाच्या तीन जागांचे फोटो घेतो, सॉफ्टवेअर त्यातल्या ताऱ्यांच्या मांडणीवरून दुर्बीण नेमकी कुठे रोखली आहे ते ओळखते, आणि पडद्यावर बाण दाखवते: अक्ष इतक्या कला वर, इतक्या कला पूर्वेला. स्क्रू फिरवत बाण शून्यावर आणला की झाले. ध्रुवतारा दिसण्याची गरजच नाही. गेल्या दहा वर्षांत इथल्या हौशी माणसाचे सर्वांत जास्त कष्ट वाचवले ते या एका सोयीने.

उरलेली चूक गाइडिंगने सुधारते. मुख्य दुर्बिणीवर एक लहान दुर्बीण आणि लहान कॅमेरा असतो. तो दर एक-दोन सेकंदांनी एका किंवा अनेक ताऱ्यांची जागा तपासतो आणि माउंटला हलके धक्के देत राहतो. पीएचडी२ हे त्यासाठीचे विनामूल्य सॉफ्टवेअर जगभर चालते. फिल्मच्या काळात हेच काम माणूस करायचा. थंडीत तासभर आयपीसला डोळा लावून, लाल रेघांच्या फुलीवरून तारा हलू न देता. लक्ष थोडे विचलित झाले की तासाची फिल्म वाया.

माउंटवर किती वजन चढते, हा आकडा जाहिरातीत असतो तो डोळ्यांनी पाहण्यासाठीचा असतो. फोटोसाठी त्याच्या पन्नास-साठ टक्क्यांवर थांबावे. कॅमेरा आणि लेन्स घेऊन हिंडणाऱ्यांना स्टार ॲडव्हेंचररसारखा छोटा ट्रॅकर पुरतो. दुर्बिणीसाठी एचईक्यू५, ईक्यू६ या वर्गातली माउंट वर्षानुवर्षे टिकली आहेत. त्यांचे गिअर उघडून साफ करणारी, पट्टे बसवणारी माणसेही आपल्याकडे तयार झाली आहेत. गेल्या काही वर्षांत हार्मोनिक गिअरची माउंट आली. तोलाचे वजन नसले तरी चालणारी, पाच-सहा किलोंची, एका हातात नेता येणारी. त्यांची मूळची चूक जुन्या गिअरहून जास्त असते, त्यामुळे गाइडिंगशिवाय ती चालवूच नयेत. पण एसटीने किंवा दुचाकीने काळोख्या गावी जाणाऱ्याला हे हलकेपण मोलाचे आहे. एकूण खर्चाचा निम्मा भाग माउंटवर गेला तरी हात आखडता घेऊ नये. चांगल्या माउंटवरची साधी दुर्बीण कामाचे फोटो देते; डळमळीत माउंटवरची भारी दुर्बीण फक्त रेघा देते.

दुर्बिणीबद्दल म्हणूनच मला थोडक्यात सांगायचे आहे. सुरुवात करणाऱ्याने ६० ते ८० मिलिमीटर व्यासाची, तीन-चारशे मिलिमीटर नाभीय अंतराची ॲपोक्रोमॅटिक अपवर्तक दुर्बीण घ्यावी, सोबत कडेचे तारे गोल ठेवणारे फील्ड फ्लॅटनर. ती हलकी असते, तिची भिंगे सहसा जुळवावी लागत नाहीत आणि गाइडिंगमधल्या लहानसहान चुका ती पोटात घालते. परावर्तक न्यूटोनियन त्याच किमतीत दुप्पट व्यास देते, पण प्रत्येक प्रवासानंतर आरसे जुळवायला लागतात आणि वारा आला की तिची नळी शिडासारखी हलते. मोठ्या नाभीय अंतराच्या श्मिट-कासेग्रेन दुर्बिणी ग्रहांसाठी उत्तम, तेजोमेघांसाठी पहिल्या वर्षी नकोत. आणि दुर्बीण नसली तरी अडत नाही. १३५ मिलिमीटरची जुनी कॅमेरा लेन्स ट्रॅकरवर बसवून शर्मिष्ठेपासून धनूपर्यंतची अख्खी आकाशगंगा टिपता येते.

फोकसबाबत मात्र तडजोड नाही. याचे एक साधे साधन आहे, ते पाव्हेल बाह्तिनोव्ह या रशियन हौशी खगोलप्रेमीने शोधले. दुर्बिणीच्या तोंडावर बसेल अशी एक चकती, तिच्यात तीन दिशांना कापलेल्या समांतर फटी. एखादा तेजस्वी तारा, समजा अगस्त्य किंवा व्याध, पडद्यावर आणायचा. चकतीमुळे ताऱ्याला तीन लांब किरण फुटतात: दोन फुलीसारखे एकमेकांना छेदणारे आणि तिसरा त्यांच्या मधून जाणारा. फोकस चुकलेला असेल तर मधला किरण फुलीच्या केंद्राच्या एका बाजूला असतो. फोकसरचा स्क्रू केसभर फिरवला की तो सरकतो, जरा जास्त झाला की पलीकडे जातो. तो बरोबर केंद्रातून गेला की तिथेच स्क्रू घट्ट करायचा, आणि घट्ट केल्यावर पुन्हा पाहायचे, कारण घट्ट करतानाच तो हलतो. शेवटी चकती काढायला विसरायचे नाही. जाड पुठ्ठ्यावर नमुना छापून ब्लेडने कापली तरी ही चकती काम देते. देशावर हिवाळ्यात संध्याकाळी पंचवीस अंश आणि पहाटे बारा असे तापमान उतरते, नळीचा धातू आकुंचन पावतो आणि फोकस सरकतो. म्हणून दर तासा-दीड तासाने हे पुन्हा करावे लागते. मोटरवाला फोकसर हेच आपोआप करतो, आणि तो घेण्यासारखा आहे.

शेवटी कॅमेरा. फिल्मला एक दुखणे होते: जसजसा वेळ जाई तसतशी तिची संवेदनशीलता घटत जाई. कोडॅकची टेक्निकल पॅन फिल्म हौशी लोक हायड्रोजनच्या मिश्रणात भिजत ठेवून त्यावर मात करीत. १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडी कल्पिला, त्यासाठी त्यांना २००९ चे नोबेल मिळाले, आणि दरम्यान सगळे खगोलशास्त्र त्याच्याकडे वळले होते. आज हौशींच्या हातात सीमॉस सेन्सर आहेत. त्यांचा वाचनाचा नॉइज इतका कमी, की वीस मिनिटांच्या एका फ्रेमऐवजी दोन-तीन मिनिटांच्या अनेक फ्रेम घेऊन त्या एकत्र केल्या तरी फारसे काही गमावत नाही. मधेच ढग आला, विमान गेले, उपग्रहांची माळ गेली, तर तेवढी एक फ्रेम टाकून द्यायची.

घरातला साधा डीएसएलआर सुरुवातीला पुरेसा आहे, फक्त त्याची एक मर्यादा माहीत हवी. तेजोमेघांतला हायड्रोजन ६५६.३ नॅनोमीटरचा गडद तांबडा प्रकाश देतो आणि कॅमेऱ्यातला फिल्टर त्यातला बराचसा अडवतो, कारण माणसांच्या चेहऱ्यांचे रंग नीट यावेत म्हणून तो बसवलेला असतो. तो फिल्टर काढून बदलून घेतलेले जुने कॅमेरे आकाशासाठी झकास चालतात. पुढची पायरी म्हणजे थंड केलेला खास खगोलीय कॅमेरा. सेन्सर दर सहा अंश तापला की त्यात उष्णतेमुळे आपोआप जमणारा विद्युतभार साधारण दुप्पट होतो. मे महिन्याच्या रात्री तीस अंशांवरचा सेन्सर आणि शून्यावर आणलेला सेन्सर यांत बत्तीसपटींचा फरक पडतो. थंडीच्या देशात ज्याला चैन म्हणता येईल, ती आपल्याकडे बऱ्याच अंशी गरज आहे. सोनीच्या आयएमएक्स५७१ सेन्सरवरचे रंगीत कॅमेरे या वर्गात सध्या सर्वांत समतोल आहेत.

कृष्णधवल कॅमेरा आणि अरुंद पट्ट्यांचे फिल्टर ही शहरात अडकलेल्यांची वाट. तीन नॅनोमीटर रुंदीचा हायड्रोजनचा फिल्टर दृश्य प्रकाशाच्या सुमारे एक टक्काच पट्टा आत सोडतो. एलईडीचा उजेड तेवढा कमी होतो, तेजोमेघाची तांबडी रेषा मात्र जवळपास सगळी येते. ऑक्सिजनसाठी ५००.७, गंधकासाठी ६७२ च्या आसपासचा फिल्टर. हे तीन रंगवाहिन्यांत टाकले की हबल दुर्बिणीच्या १९९५ च्या 'सृष्टीच्या स्तंभां'सारखी सोनेरी-निळी रंगसंगती येते. ठाण्याच्या किंवा नाशिकच्या बाल्कनीतून रोझेट तेजोमेघ टिपणे यामुळे शक्य झाले आहे. दीर्घिकांना मात्र हे औषध लागू पडत नाही. त्यांचा प्रकाश ताऱ्यांचा, सगळ्या रंगांत पसरलेला. त्यांच्यासाठी गाव गाठावेच लागते.

फ्रेम एकत्र करण्याआधी तीन प्रकारच्या जुळवणीच्या फ्रेम लागतात. झाकण लावून तेवढ्याच तापमानाला आणि तेवढ्याच वेळाच्या डार्क, अत्यल्प वेळाच्या बायस, आणि एकसारख्या उजळ पृष्ठभागाच्या फ्लॅट. नवे लोक फ्लॅट टाळतात आणि तिथेच फोटो बिघडतो. सेन्सरवरच्या धुळीचे वर्तुळाकार डाग आणि कोपऱ्यांतला अंधार फ्लॅटशिवाय जात नाहीत. दुर्बिणीच्या तोंडावर पांढरा सुती कपडा ताणून बांधला आणि टॅबलेटचा पांढरा पडदा धरला की पाच मिनिटांत काम होते. दर काही फ्रेमनंतर दुर्बीण काही पिक्सेल इकडेतिकडे हलवण्याचे डिदरिंगही असेच, दुर्लक्षित आणि अत्यंत परिणामकारक. त्याने सेन्सरमधले ठरावीक दोष एका जागी साचत नाहीत.

संस्करणासाठी डीपस्कायस्टॅकर आणि सिरिल हे विनामूल्य पर्याय इतके सक्षम झाले आहेत की पहिली दोन वर्षे पैसे देऊन काही घेण्याची गरज नाही. ग्रॅक्सपर्ट शहरी उजेडाचा उतार काढून टाकते, तेही फुकट. पिक्सइन्साइट महागडे आणि शिकायला कठीण, पण खोलात जाणाऱ्याला शेवटी त्याकडेच वळावे लागते. तारे वेगळे काढणारी, कडा रेखीव करणारी कृत्रिम बुद्धिमत्तेवरची साधने गेल्या चार-पाच वर्षांत आली आणि त्यांनी वाद निर्माण केला. माझी भूमिका स्पष्ट आहे. दुर्बिणीने आणि हवेने पुसट केलेली माहिती गणिताने परत मिळवणे रास्त आहे. जी माहिती सेन्सरवर आलीच नाही ती दुसऱ्यांच्या फोटोंवरून भरणे म्हणजे चित्र काढणे. २०२३ मध्ये कुणीतरी चंद्राचा मुद्दाम पुसट केलेला फोटो पडद्यावर लावून त्यावर एका मोबाइलचा कॅमेरा रोखला, आणि मोबाइलने त्यात विवरे उमटवली. त्या प्रसंगाने ही सीमा सगळ्यांना कळली. फोटोसोबत तास, फिल्टर, जागा आणि केलेले संस्कार लिहावेत. तो आपल्या छंदाचा प्रामाणिकपणा आहे.

ग्रहांचे छायाचित्रण हे वेगळेच शास्त्र. तिथे काळोख लागत नाही, गुरू मुंबईच्या गच्चीवरूनही तितकाच चांगला मिळतो. लागते ती स्थिर हवा. मोठी दुर्बीण, छोटा वेगवान कॅमेरा, सेकंदाला शंभर-दोनशे फ्रेमचा व्हिडिओ, आणि त्या हजारो फ्रेममधून हवा क्षणभर शांत असतानाच्या निवडक फ्रेम ऑटोस्टॅकर्टसारख्या सॉफ्टवेअरने एकत्र करायच्या. गुरू दहा तासांहून कमी वेळात स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे व्हिडिओ दोन-तीन मिनिटांतच आटपावा लागतो. या बाबतीतही आपला अक्षांश साथ देतो. मिथुनेच्या आसपास असताना गुरू महाराष्ट्रातून जवळपास माथ्यावर येतो, म्हणजे त्याचा प्रकाश हवेचा सर्वांत पातळ थर ओलांडून पोचतो. फिलिपाइन्सच्या सेबू शहरातून, विषुववृत्तापासून दहा अंशांवर राहणाऱ्या ख्रिस्तोफर गो यांनी २००६ मध्ये गुरूवरचा पांढरा डाग तांबडा झालेला सर्वप्रथम पाहिला. ऑस्ट्रेलियातल्या अँथनी वेस्ली यांना १९ जुलै २००९ रोजी गुरूवर आदळलेल्या वस्तूचा काळा व्रण दिसला आणि त्यानंतर मोठ्या वेधशाळा तिकडे वळल्या. दोघेही हौशी.

अलीकडे सीस्टार एस५० सारख्या स्वयंचलित छोट्या दुर्बिणी आल्या आहेत: पन्नास मिलिमीटर व्यास, आतच कॅमेरा, मोबाइलवर नाव निवडले की स्वतः शोधते, दहा-दहा सेकंदांच्या फ्रेम घेऊन स्वतःच एकत्र करते. जुन्या मंडळींना ती खेळणे वाटते. मला तसे वाटत नाही. शाळेच्या मैदानावर पन्नास मुलांना लगून तेजोमेघ रंगांसह दिसू लागतो, हे काम मोठ्या दुर्बिणीलाही जमत नाही. मात्र तिच्याकडून शिकण्यासारखे थोडे असते. काय चुकले हे ती सांगत नाही. खोल जायचे असेल त्याने माउंट, गाइडिंग आणि फ्लॅट यांच्याशी झटापट करावीच.

ती झटापट कुठवर नेते, हे जानेवारी २०२३ मध्ये जगाने पाहिले. मार्सेल ड्रेक्स्लर, झेव्हिए स्ट्रॉटनर आणि यान सेंटी या हौशी लोकांनी ऑक्सिजनच्या फिल्टरमधून देवयानी दीर्घिकेचे अनेक रात्रींचे फोटो एकत्र केले आणि तिच्याशेजारी कुणालाच माहीत नसलेली निळसर कमान निघाली. ज्या दुर्बिणीने ती टिपली तिचा व्यास अवघा १०६ मिलिमीटर. शंभरहून अधिक वर्षे व्यावसायिकांनी त्याच दीर्घिकेकडे पाहिले होते, पण त्या एका रेषेत इतका वेळ कुणी दिला नव्हता. अर्जेंटिनातले व्हिक्टर बुसो यांनी सप्टेंबर २०१६ मध्ये नव्या कॅमेऱ्याची चाचणी म्हणून एका दीर्घिकेच्या ओळीने फ्रेम घेतल्या आणि अतिनवताऱ्याचा स्फोट अगदी पहिल्या क्षणांपासून त्यात सापडला. तो शोध 'नेचर'मध्ये आला. दक्षिणेकडच्या तेजोमेघांवर ऑक्सिजनच्या रेषेत असे दीर्घ काम आपल्या अक्षांशावरून कुणीही हाती घेऊ शकतो.

ऑक्टोबरात नव्याने सुरुवात करायची असेल, तर नवे काही विकत घेऊ नये. अमावास्येच्या जवळची रात्र धरून, शहरापासून लांब, दक्षिण-पूर्व मोकळी असलेली जागा गाठावी. घरचा डीएसएलआर तिपाईवर, ५० मिलिमीटरची लेन्स, तारे रेघा होऊ नयेत म्हणून तीन सेकंदांचे एक्स्पोजर. मध्यरात्रीनंतर मृग वर आला की त्याच्या चारशे फ्रेम घ्याव्यात, दर पन्नास फ्रेमनंतर कॅमेरा किंचित हलवून मृग पुन्हा मध्यावर आणावा. सगळे मिळून वीस मिनिटांचा प्रकाश होतो. सिरिलमध्ये या फ्रेम एकत्र केल्या की तेजोमेघाचे गुलाबी पंख स्पष्ट उमटतात. ते पाहूनही मन भरले नाही, तर ट्रॅकर घ्यायची वेळ आली असे समजावे. आणि त्या पहिल्या रात्रीही झाकण लावून वीस डार्क, फोकस न हलवता पांढऱ्या कपड्यावर वीस फ्लॅट घेतल्याशिवाय लेन्स कॅमेऱ्यावरून काढू नये.